एकच स्क्रिप्ट, एकच इनपुट, तीन मशीनवर तीन कोड... कामून?

लातूरचा_काटेवाला
नमस्कार मंडळी. लई डोकं धरलंय म्हणून नवा धागा काढायलो, आधीचा असंल तर ॲडमिननं जोडून टाकावा.

आमचं काम छोटं आहे, लातूरच्या मार्केट यार्डातल्या आडत दुकानांसाठी पट्टीचं सॉफ्टवेअर बनवतो. काट्यावरून वजन येतं, हमाली, तोलाई, भाडं, उचल वजा होते आन् शेतकऱ्याला पट्टी छापून मिळते. दर दुकानाचे रकाने वेगळे, एकाला बारदाना वेगळा दाखवायचाय, एकाला भाडंच नको, म्हणून ५ वर्षांखाली मी पायथॉनमध्ये एक जनरेटर लिहिला. दुकानाची जेसन फाईल (रकान्यांची नावं लिहिलेली साधी मजकुराची फाईल) द्यायची, तो टेबलाची एसक्यूएल (डेटाबेसच्या आज्ञा), डेटाचा क्लास (आकडे टेबलात टाकणारा कोड) आन् छपाईची एक्सएमएल (पट्टीच्या मांडणीची फाईल) लिहून देतो. हे सगळं आजवर ऑफिसातल्या विंडोज ७ च्या पीसीवर चालायचं, पायथॉन ३.८. मागच्या आठवड्यात मला हुशारी सुचली की दर डिप्लॉयला (सर्व्हरवर नवा कोड चढवताना) क्लास सर्व्हरवरच जनरेट व्हावा, सर्व्हर उबंटू १६.०४, त्यात पायथॉन ३.५.

शुक्रवारी एका दुकानातून फोन, शेतकरी काउंटरवर उभा, पट्टीवर तोलाई ५००० आन् उचल २८ रुपये. एकूण वजावट मात्र पैशापैशाला बरोबर! म्हणून दोन दिवस टॅली करताना कुणाच्या लक्षात आलं नाही. बघितलं तर सर्व्हरवरच्या क्लासमध्ये रकान्यांचा क्रमच वेगळा, आन् परत रन केलं की अजून वेगळा. इन्सर्टमध्ये (टेबलात ओळ टाकायच्या आज्ञेत) मी रकान्यांची नावं लिहीत नाही, नुसत्या व्हॅल्यू टाकतो (शिव्या नंतर द्या).

आमच्याकडं नवा पोरगा आलाय त्याच्या लॅपटॉपवर ३.१२ आहे. तिथं क्रम बरोबर यायलाय पण रकान्याचा प्रकार जिथं नुसता आकडा असा यायला पाहिजे तिथं प्रकार.आकडा असं यायलंय, एसक्यूएल चालतच नाही. (कोडमध्ये ही नावं इंग्रजीत आहेत, इथं मराठीत लिहिलीत.) आन् एक्सएमएलमधल्या ॲट्रिब्यूटचा (टॅगमधल्या नाव-किंमत जोड्यांचा) क्रम सर्व्हरचा वेगळा, ह्या दोघांचा वेगळा. जेसन तीच, स्क्रिप्ट तीच, एक अक्षर बदललं नाही. हे काय व्हायलंय?

बीडवाला_भाऊ
चॅटजीपीटीकडून कोड जनरेट करून घेतलाय का भाऊ? ते दरवेळी वेगळंच देतंय, माझ्या मेव्हण्याला तर २.७ ची प्रिंट दिली होती कंसाशिवाय.

लातूरचा_काटेवाला
न्हाई ओ, माझीच ३०० ओळींची स्क्रिप्ट आहे. त्यात एआयबियाय काही नाही, साधा फॉर लूप आहे.

नांदेडचा_नाद
व्हर्जन फिक्स करा अन् मोकळे व्हा. सगळीकडं एकच पायथॉन, डॉकरमध्ये (सगळ्या मशीनवर सारखं वातावरण देणारा डबा) घाला. इतकं लांबड लावायची गरजच नाही.

वाळूज_शिफ्ट_सी
नादभाऊ, थांबा जरा. पोस्ट नीट वाचा, सर्व्हरवर *एकाच* ३.५ वर दोनदा रन केलं तर दोन वेगळे क्रम यायलेत. तिथं तर व्हर्जन फिक्सच आहे की. डॉकरमध्ये ३.५ घातलं तरी तेच होणार. अन् डॉकर डेस्कटॉप विंडोज ७ वर चालत नाही ते वेगळंच.

काटेवाला भाऊ, मला वाटतं तुमच्याकडं एक नाही, तीन वेगळे रोग आहेत अन् ते एकाच दिवशी दवाखान्यात आलेत. रांगेनं घ्यावं लागंल. डिक्शनरीचं (पायथॉन जेसन वाचून तुमचे रकाने ज्यात ठेवतंय तो नाव-किंमत जोड्यांचा साठा) आमच्या अंबाजोगाईच्या मॅडम चांगलं सांगतील, त्यांना टॅग करतो.

अंबाजोगाईची_मास्तरीण
टॅग बघितला. कॉलेजात हे दरवर्षी शिकवते त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

मोंढा डोळ्यासमोर आणा. जुन्या डिक्शनरीत काय व्हायचं, गाडी आली की तिच्या नंबरवर एक हिशोब करायचा, म्हणजे हॅश, आणि जो आकडा येईल त्या ओट्यावर गाडी उभी करायची. शोधायला एकदम सोपं, नंबर माहीत असला की ओटा माहीत. पण तुम्ही जेव्हा म्हणता सगळ्या गाड्या सांग, तेव्हा वॉचमन ओटा क्रमांक १ पासून चालत निघतो आणि जी दिसेल ती सांगतो. कोण आधी आलं कोण नंतर, त्याला काय ठाऊक. ३.५ पर्यंत हे असंच होतं. म्हणून हमालीनंतर तोलाई लिहिली तरी बाहेर पडताना तोच क्रम राहील असं कुणीही, कधीही कबूल केलेलं नव्हतं.

आता दर रनला वेगळं का? २०११ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये एका परिषदेत दाखवलं गेलं की हॅशचा हिशोब ठरलेला असला तर बाहेरचा माणूस मुद्दाम एकाच ओट्यावर येतील अशा हजारो गाड्या पाठवून सगळा मोंढा जाम करू शकतो, म्हणजे वेब सर्व्हर बसवू शकतो. पायथॉन, जावा, पीएचपी, रुबी सगळ्यांना तो फटका होता. त्यावर उपाय म्हणून ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, पायथॉन दर वेळी सुरू होताना स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, हॅशमध्ये एक गुपित आकडा मिसळतं. तो दर रनला नवीन. त्यामुळे ओटे दर रनला नवीन. तुमच्या सर्व्हरवर जे झालं ते बिघाड नाही, ठरवून केलेलं आहे.

३.६ मध्ये (डिसेंबर २०१६) डिक्शनरीची आतली मांडणीच बदलली. रेमंड हेटिंगर यांनी २०१२ मध्ये सुचवलेली कल्पना, गेटवर एक नोंदवही ठेवायची, गाड्या येतील तशा ओळीने लिहायच्या, आणि ओट्यांवर गाडी नाही, फक्त नोंदवहीतला अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी. मेमरी वाचावी म्हणून केलं होतं हे. क्रम टिकतो हा वरचा फायदा. ३.६ ला म्हणाले यावर विसंबू नका, पण लोक विसंबलेच, म्हणून ३.७ ला (जून २०१८) तो भाषेचा नियम करून टाकला. तुमची स्क्रिप्ट ३.८ वर जन्मली म्हणून ५ वर्षं सुखात होती.

लातूरचा_काटेवाला
मॅडम साष्टांग. म्हणजे मी नवीन गाडी जुन्या रस्त्यावर घातली. मग सगळीकडं ३.१२ केलं की मिटलं ना?

अंबाजोगाईची_मास्तरीण
डिक्शनरीपुरतं मिटलं. स्क्रिप्टमध्ये सेट, म्हणजे डबल नोंद न ठेवणारा गट, वापरलाय का कुठे? सेटला आजही, ३.१२ लासुद्धा, क्रमाची हमी नाही. त्याला नोंदवही मिळालेली नाही.

लातूरचा_काटेवाला
आयला. आहे. वरच्या इम्पोर्टच्या ओळी डबल होऊ नयेत म्हणून सेटमध्ये गोळा करतो. आत्ता पोराच्या लॅपटॉपवर ६ वेळा रन करून बघितलं, इम्पोर्टच्या ४ ओळी दर वेळी पत्ते पिसल्यासारख्या यायल्या. ऑफिसच्या पीसीवर पण तेच! ५ वर्षं व्हायलं असंल आन् मला पत्ता नाही, कारण जनरेट झालेल्या फाइली मी गिटमध्ये (कोडातला प्रत्येक बदल जपणारा प्रोग्रॅम) ठेवतच नव्हतो. "परत बनवता येतात की" म्हणून इग्नोरला टाकल्या होत्या.

वाळूज_शिफ्ट_सी
ते इग्नोर काढा आधी. माझं मत सांगतो, पुष्कळ लोक विरोधात आहेत मला माहितीय, पण छोट्या टीमनं जनरेट झालेला कोड गिटमध्ये ठेवावाच. डिफ, म्हणजे आधीच्यात अन् आताच्यात काय बदललं ते, बघितला की अशी भुतं पहिल्याच दिवशी दिसतात.

आता दुसरा रोग, प्रकार.आकडा. तुमचा तो प्रकारचा क्लास स्ट्रिंग आणि एनम (ठरावीक नावांची बंद यादी) दोन्हीकडून वारसा घेतो ना? अन् फॉरमॅटनं स्ट्रिंगमध्ये घालता? मग हे ३.११ चं आहे. त्याच्या आधी अशी एनम फॉरमॅटमध्ये टाकली की नुसती आतली व्हॅल्यू यायची, पण एसटीआर फंक्शन लावलं की क्लासचं नाव ठिपका सभासदाचं नाव यायचं. दोन तोंडं. ३.११ ला त्यांनी दोन्ही एकसारखं करून टाकलं, आता फॉरमॅटपण नावच देतं. नुसती व्हॅल्यू पाहिजे असंल तर स्ट्रएनम म्हणून वेगळा क्लास आणलाय पण तो ३.११ च्या मागं नाही. तुम्ही काही डोकं न लावता प्रत्येक ठिकाणी ठिपका व्हॅल्यू लिहा, ३.५ पासून पुढं सगळीकडं सारखं येतंय.

उदगीर_रात्रपाळी
हेच मला मागच्या वर्षी चावलंय. आमचं एसक्यूएल नव्हतं तर यूआरएल बनत होती, त्यात क्लासचं नाव घुसलं. टेस्ट पास, कारण टेस्टमध्ये एनमची एनमशी तुलना होती, छापलेल्या अक्षरांची नाही. ३ दिवस गेले.

लातूरचा_काटेवाला
शिफ्ट सी भाऊ बरोबर, तसाच क्लास आहे. व्हॅल्यू लावलं, ३.१२ वर एसक्यूएल चालली. एक्सएमएलचं काय?

वाळूज_शिफ्ट_सी
एलिमेंटट्री (पायथॉनचं एक्सएमएल लिहायचं मॉड्यूल) असंल. ३.७ पर्यंत ते लिहिताना ॲट्रिब्यूट वर्णक्रमानं लावायचं, ३.८ पासून तुम्ही ज्या क्रमानं दिले त्याच क्रमानं सोडतंय. एक्सएमएलला त्यानं काही फरक पडत नाही, ॲट्रिब्यूटच्या क्रमाला अर्थच नसतो. पण डिफला पडतो. तुम्ही स्वतःच आधी सॉर्ट करून एकेक ॲट्रिब्यूट द्या म्हणजे जुनं नवं एकच.

परभणीकर_जुना
तुम्ही पोरं ३.५ ला जुनं म्हणता, मजा वाटते. आमच्याकडं २.७ वरून ३ वर आलो तेव्हाची गोष्ट ऐका. असाच जनरेटर, लेबल प्रिंटरसाठी, रकान्याची रुंदी काढायला एकूण रुंदीला भागायचा. २.७ ला २५ भागिले २ म्हणजे १२. ३ ला १२.५. जनरेट झालेल्या फाइलीत १२.५ गेलं अन् प्रिंटर म्हणला मला हे कळत नाही, कोरं लेबल सोडायला लागला. मग एकानं राउंड लावला. तर राउंडचा पण स्वभाव बदललेला, २.७ मध्ये राउंड २.५ म्हणजे ३ यायचं, पायथॉन ३ मध्ये २ येतं, कारण बरोबर मधे पडलं की ते सम आकड्याकडं जातंय. ३.५ चे मात्र ४ होतात. त्या प्रकारापासून पैशाच्या कुठल्याही हिशोबात मी डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) सोडून दुसरं वापरत नाही, काटेवाले तुम्ही पण तपासा, पट्टीत पन्नास पैशाचा फरक आला तरी मोंढ्यात बोंब होते.

लातूरचा_काटेवाला
काका डेसिमलच आहे, तेवढी अक्कल होती.

जालना_बायपास
फक्त पायथॉनला झोडपू नका. नोडमध्ये (जावास्क्रिप्ट चालवायचा प्रोग्रॅम) मी एका यादीला फक्त तालुक्यावर सॉर्ट करून कोड लिहून घ्यायचो, एकाच तालुक्यातली गावं आधीच्या क्रमानंच राहतील असं धरून. नोड १० मध्ये १० पेक्षा जास्त नगांची यादी असली की सारखी किंमत असलेल्यांचा क्रम हलायचा, ११ पासून हलत नाही, पुढं ते जावास्क्रिप्टच्या २०१९ च्या प्रमाणकातच आलं. टेस्टला मी ५ गावं घेतली होती. त्यामुळं टेस्टमध्ये कधी दिसलंच नाही, खऱ्या यादीत ४० गावं.

वाळूज_शिफ्ट_सी
जावात तर याचा इतिहासच आहे. जावा ७ आलं तेव्हा रिफ्लेक्शननं (चालू प्रोग्रॅमनं क्लासलाच विचारून) मेथड मागितल्या की त्या फाइलीत लिहिलेल्या क्रमानं यायच्या बंद झाल्या, अन् कितीतरी टेस्ट ज्या एकमेकींच्या खांद्यावर उभ्या होत्या त्या पडल्या. शेवटी जेयुनिटला (जावाचं टेस्ट चालवायचं साधन) ४.११ मध्ये ठरावीक क्रम लावावा लागला. मग जावा ८ ला हॅशमॅपच्या (जावाची डिक्शनरी) आतलं बदललं, तिथं आम्ही स्वतः सापडलो. शेजारच्या प्लांटसाठी बारकोडचा कोड जनरेट करायचो, व्हर्जन बदललं अन् ६०० फाइलींचा डिफ, एकातही खरा बदल नाही. रिव्ह्यू करणाऱ्यानं सरळ मंजूर करून टाकलं, कोण बघतंय ६०० फाइली. त्यातल्या एकीत खरा बदल होता!! तो तसाच गेला लाइनवर.

मला गो भाषेचं वागणं आवडतं. त्यांनी पहिल्या व्हर्जनपासून, २०१२ लाच, मॅपवर फिरताना क्रम *मुद्दाम* हलवलेला आहे. म्हणजे तुम्ही विसंबलात तर त्याच दिवशी तोंडावर पडता, ५ वर्षांनी नाही. जावानं पण ९ मध्ये मॅप डॉट ऑफला तसंच केलं.

अंबाजोगाईची_मास्तरीण
इथे माझं थोडं वेगळं मत. शिकणाऱ्या मुलांना ३.७ चा क्रम फार सोयीचा पडतो, आणि भाषेने एकदा शब्द दिला की त्यावर विसंबण्यात गैर काय? गैर एवढंच की शब्द कुठल्या व्हर्जनपासून दिलाय ते न बघता विसंबणं. काटेवाले, तुमच्या जेसनमध्येही तेच आहे. जेसनच्या नियमात ऑब्जेक्ट म्हणजे क्रम नसलेला गट. क्रम महत्त्वाचा असेल तर रकाने यादीत लिहा, चौकोनी कंसात, आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. तोपर्यंत ३.५ वर वाचताना ऑर्डर्डडिक्टचा (क्रम जपणाऱ्या डिक्शनरीचा) हूक लावता येतो, त्याने फाइलीतला क्रम राहतो.

बीडवाला_भाऊ
नुसतं सॉर्टेड लावलं तर? एक शब्दाचं काम.

लातूरचा_काटेवाला
लावून बघितलं दुपारी. रकान्यांची नावं जेसनमध्ये मराठीतच आहेत, मग क्रम आला उचल, तोलाई, भाडं, हमाली. शेठ म्हणले पट्टीवर पहिल्याच ओळीला उचल? शेतकऱ्याला वाटंल आम्ही आधी उधारीच कापायलो, ३० वर्षं हमाली वर आहे ती वरच पाहिजे. बरोबरच आहे त्यांचं. क्रमांकवालं करतो.

अंबाजोगाईची_मास्तरीण
शिवाय सॉर्टेड हे युनिकोडच्या आकड्यांवर चालतं, आपल्या वर्णमालेवर नाही. त्यात ळ हा ल आणि व च्या मध्ये येतो, आपल्याकडे ह नंतर. क्ष तर क मध्येच जाऊन बसतो. इम्पोर्टच्या ओळींना चालेल, माणसाला दाखवायच्या यादीला नाही. आणि एक, "शेतकऱ्याचं नाव" हा रकाना दोन जणांनी टाइप केला असेल तर ऱ तपासा. तो एका अक्षरात लिहिता येतो किंवा र ला खाली नुक्ता देऊनही, स्क्रीनवर दोन्ही सारखेच, डिक्शनरीला दोन वेगळ्या किल्ल्या.

लातूरचा_काटेवाला
मॅडम तुम्ही घाबरवायलात आता. बघितलं, एका दुकानाच्या फाइलीत खरंच नुक्तावाला निघाला.

नांदेडचा_नाद
माझं व्हर्जन फिक्सचं म्हणणं मी मागं घेत नाही हां. निदान सर्व्हर तरी बदला, ३.५ चा सपोर्ट सप्टेंबर २०२० लाच संपलाय, १६.०४ चा साधा सपोर्ट २०२१ ला. घाई असली तर तोवर पायथॉनहॅशसीड नावाचं व्हेरिएबल (मॅडमनी सांगितलेला तो गुपित आकडा ठरवणारं) शून्य करून ठेवा, निदान रोज क्रम हलणार तरी नाही.

वाळूज_शिफ्ट_सी
एका मशीनवर हलणार नाही. पण ३२ बिट अन् ६४ बिटचं पायथॉन असलं तर तोच शून्य ठेवून पण क्रम वेगळा येऊ शकतो. पट्टी बांधलीय, जखम बरी झाली असं समजू नका. सर्व्हरचं मात्र नादभाऊंचं बरोबर आहे.

अजून दोन गोष्टी तपासा. दुकानांच्या जेसन फाइली फोल्डरमधून वाचताना सॉर्ट करा, विंडोजवर त्या नावानुसार येतात अन् लिनक्सवर फाइलसिस्टिमच्या मर्जीनं. अन् फाइल लिहिताना एन्कोडिंग आणि नवी ओळ दोन्ही स्वतः सांगा, नाहीतर विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी जास्तीचं अक्षर घालतंय अन् डिफ सगळा लाल.

लातूरचा_काटेवाला
एन्कोडिंग होतं, मराठी नावं लिहिताना पहिल्याच दिवशी आपटलो होतो. नव्या ओळीचं नव्हतं.

आता खरा प्रश्न बाकी आहे. दोन दिवसांत मी ४ वेळा डिप्लॉय केलं, म्हणजे ४ वेगवेगळे क्रम, आन् तेव्हाचे क्लास जागेवर नाहीत, प्रत्येक नव्यानं आधीचा पुसला. २१२ पट्ट्या चुकीच्या रकान्यांत बसल्यात. उचल खात्यावर जाते म्हणून शेतकऱ्यांच्या खात्यात पण घोळ. कोणती पट्टी कोणत्या क्रमानं गेली ते कसं ओळखू?

परभणीकर_जुना
वजन आणि कट्टे वेगळ्या टेबलात आहेत का? ते काट्यावरून थेट येत असंल तर ते बरोबर असणार. मग तोलाई क्विंटलवर, हमाली कट्ट्यावर, दोन्ही परत काढता येतात. चार रकान्यांत चार आकडे आहेत, त्यातला तोलाईएवढा कोणता अन् हमालीएवढा कोणता जुळवा. उरलेले दोन भाडं अन् उचल. ते वेळेवरून ओळखा, एकाच डिप्लॉयच्या मधल्या सगळ्या पट्ट्यांचा क्रम एकच असणार, त्यामुळं त्या तुकड्यात एक पट्टी पक्की सापडली की बाकीच्या आपोआप. डिप्लॉयच्या वेळा सर्व्हरच्या लॉगमध्ये असतील.

लातूरचा_काटेवाला
काका!! हे डोक्यातच आलं नव्हतं. बसतो रात्री.

लातूरचा_काटेवाला
१५ दिवसांनी अपडेट द्यायलो, उशीर झाला. २१२ पैकी २०५ पट्ट्या काकांच्या पद्धतीनं लागल्या. ७ तशा लागल्या नाहीत, त्या दुकानाच्या कार्बन कॉपीवरून हातानं टाकल्या. ज्या शेतकऱ्याची ५००० तोलाई छापली होती त्याला नवी पट्टी द्यायला मी स्वतः दुकानात गेलो, तो म्हणला मी तर जुनी घरी दाखवायला ठेवलीय.

रकाने आता यादीत, क्रमांकासकट. इन्सर्टमध्ये नावं लिहिली. सर्व्हर २४.०४ वर नेला, त्यात ३.१२ आहे. जनरेट झालेल्या फाइली गिटमध्ये. आन् डिप्लॉयच्या आधी स्क्रिप्ट दोन वेगळ्या हॅशसीडनी दोनदा चालते, दोन्ही आउटपुट तंतोतंत जुळले नाहीत तर पुढं जातच नाही, ही कल्पना पोराची. पहिल्याच दिवशी अडली, कारण फाइलीच्या डोक्यावर मी जनरेट केल्याची तारीख आन् वेळ छापत होतो. ती ओळ काढून टाकली. काल एका दुकानात बारदान्याचा रकाना वाढवला, डिफमध्ये ३ ओळी आल्या फक्त.

ऑफिसचा विंडोज ७ अजून तिथंच आहे, शेठच्या टॅलीचा डोंगल (लायसनची किल्ली) दुसऱ्या मशीनवर लागंना.

उदगीर_रात्रपाळी
डोंगलचा वेगळा धागा काढा, मला पण लागणार आहे.